झालं नाही तरी धन्यवाद

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. फ्रीजमध्ये उरलेल्या चटण्यांच्या वाट्या साठत जातात तसे ते साठतात आणि एक दिवस दार उघडलं की वास येतो. परवा शाळेतल्या मैत्रिणी भेटल्या, त्यांना त्यातले दोन सांगितले तर हसून हसून बेजार झाल्या. एक म्हणाली, "मृणाल, तू चिडून सांगतेस म्हणून जास्त मजा येते." मी चिडूनच सांगणार. ज्या गोष्टीची चीड यायला हवी ती हसत कशी सांगायची?

आमचं ऑफिस लालबागला, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात मिरची कांडतात आणि वर आम्ही वेबसाइट बनवतो, त्यामुळे उन्हाळ्यात सगळं ऑफिस शिंकत असतं. मालक सामंत सर, मूळ मालवणचे, वाढले गिरगावात. त्यांना फोन कानाला लावायची सवय नाही, कुणाचाही फोन असो, ते स्पीकरवर टाकून बोलतात, आणि त्यांच्या घरातलं सगळं आम्हाला माहीत असतं. टेस्टिंगला ग्लेन, गिरगावातल्याच खोताच्या वाडीतला. मी सर्व्हरवरचा कोड लिहिते. म्हणजे तुम्ही साइटवर बटण दाबलं की पडद्यामागे जे काही घडतं ते.

आता पडद्यामागे सगळं सुरळीत घडत नाही. कोडला एखादं काम जमलं नाही की तो ओरडतो, त्याला आम्ही एक्सेप्शन म्हणतो. ती हाक कुणीतरी ऐकायची, काय बिघडलं ते बघायचं आणि समोरच्या माणसाला सांगायचं की बाबा रे, तुझं काम झालेलं नाही, असं असं करून बघ. याला एरर हँडलिंग म्हणतात. आमच्याकडे ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबतात आणि समोरच्याला धन्यवाद म्हणतात.

खरंच म्हणतात. तसं एक पानच आहे आमच्याकडे. आणि परळच्या एका धर्मशाळेच्या साइटवर तरी ते पान लागू नये म्हणून मी भांड भांड भांडले. ते पुढे येईलच. आधी पानाचा जन्म.

*

गिरगावातल्या एका शाळेला आम्ही प्रवेशासाठी साइट करून दिली होती. सर लॅपटॉप घेऊन ट्रस्टींच्या मीटिंगला गेले, बरोबर मला नेलं. भिंतीवर मोठ्या पडद्यावर फॉर्म लावला. सरांनी थाटात बटण दाबलं आणि पडदाभर लाल अक्षरं उमटली. फाइलींची नावं, माहितीच्या तक्त्यांची नावं, कितव्या ओळीत काय फुटलं ते सगळं. जे आम्ही आमच्या खोलीत बघायचं ते ट्रस्टी चष्मे सावरून वाचत होते.

"हे काय आहे?" एका वयस्कर बाईंनी विचारलं.

"सिक्युरिटी चेक आहे मॅडम," सर म्हणाले. पापणीसुद्धा लवली नाही.

बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "पण यात पासवर्ड असं लिहून पुढे तुमच्याच कंपनीचं नाव आहे. तो पासवर्ड आहे का हो?"

तो पासवर्ड होता.

 दुसऱ्या दिवशी सरांनी फर्मान काढलं: आपल्या कुठल्याही साइटवर गिऱ्हाइकाला एरर दिसता कामा नये. आता यात चूक काहीच नाही. आपल्या घरातली खरकटी भांडी लोकांना दाखवू नयेत हे मलाही पटतं. पण त्याच्यापुढचा अर्धा भाग असतो, की लोकांना निदान खरं सांगावं आणि आपल्याला सगळं कळावं. सरांनी तो अर्धा भाग सोडून दिला. स्वतः कधीकाळी कोड लिहायचे, त्या जोरावर स्वतःच्या हातानं त्यांनी सगळ्या कोडच्या भोवती एकच मोठं जाळं घातलं. आत काहीही फुटो, जाळं ते पकडणार, गिळणार आणि बाहेर एक पान दाखवणार. त्या पानावर जास्वंदीचं फूल, दोन जोडलेले हात आणि खाली लिहिलेलं, 'धन्यवाद! आपली विनंती आम्हाला मिळाली आहे.'

"मिळालेली नसते सर," मी म्हटलं.

"तुला कळत नाही. लाल अक्षर बघितलं की माणूस घाबरतो. फूल बघून कोण घाबरलंय का?"

सर वाईट माणूस नाहीत. याचाच जास्त राग येतो. वाईट असते तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

*

पानाचा पहिला प्रसाद मिळाला दादरच्या एका मिठाईवाल्याला. गणपतीत उकडीच्या मोदकांची ऑर्डर साइटवरून घ्यायची असं ठरलं. पिनकोडाचा रकाना रिकामा सोडला की आतला कोड ओरडायचा आणि आपल्याकडे पिनकोड कुणाला पाठ असतो? तर ज्यांनी पिनकोड भरला त्यांना ऑर्डर नंबर मिळाला आणि ज्यांनी सोडला त्यांना फूल. फूलवाले जास्त खूश होते, कारण ते पान दिसायला छान होतं.

चतुर्थीच्या दिवशी दुपारी आरत्या उरकल्या आणि नैवेद्याला मोदक नाहीत. लोक सोवळं नेसूनच दुकानात आले. मिठाईवाल्यानं कसेबसे पेढे देऊन त्यांची समजूत काढली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात येऊन बसला. फार शांतपणे बोलला बिचारा. "साहेब, तुमची साइट गिऱ्हाइकाला धन्यवाद म्हणाली. मला मात्र काहीच म्हणाली नाही."

यावर सरांनी काय विचारावं?

"पण चतुर्थीपर्यंत लोक समाधानी होते की नाही?"

मिठाईवाला उठून गेला. जाताना मी त्याची माफी मागितली. सर म्हणाले, माफी मागून आपण चूक कबूल करतो.

*

या सगळ्यात सगळ्यात वाईट हाल ग्लेनचे. टेस्टरचं काम काय, तर साइट मोडून दाखवायची. आमची साइट मोडायचीच नाही. त्यानं नावाच्या जागी नुसती टिंबं दिली, धन्यवाद. जन्मतारीख पुढच्या वर्षाची दिली, धन्यवाद. आधार कार्डाच्या जागी आदल्या दिवशी आणलेल्या बोंबलांचा फोटो चढवला, तरी धन्यवाद. शेवटी वैतागून त्यानं डेटाबेसच बंद केला. म्हणजे माहिती जिथे साठवायची ते कपाटच काढून टाकलं. बटण दाबलं आणि मला हाक मारली.

"ये, बघ. कपाट नाय, तरी ठेवलं म्हणतंय. एवढे मॅनर्स माझ्या घरात पण कुणाला नाय."

हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण महिन्याच्या शेवटी सरांनी सगळ्यांना उभं केलं. त्या महिन्यात एकही तक्रार नोंदली गेली नाही म्हणून टेस्टिंग विभागाचा सत्कार. विभागात एकटा ग्लेन. त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो काढला. ग्लेन सरांना सांगत होता, "सर, एक पण टेस्ट खरी पास नाय झाली." सर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नम्र आहे पोरगा."

नारळ त्याच्या मम्मीनं कालवणाला वापरला. शाल कुत्र्याच्या टोपलीत आहे, मी स्वतः पाहिली.

*

मग मी ठरवलं, गिऱ्हाइकाला फूल दाखवा हवं तर, पण आपल्याला तरी कळू दे. जाळ्यात जे जे अडकतं ते एका फाइलीत लिहून ठेवायचं, त्याला लॉग म्हणतात आणि जगात कुठलीही शहाणी कंपनी त्याशिवाय राहत नाही. दोन ओळींचं काम. करून टाकलं.

आमच्या साइटवर चुका होत्या किती? फाइल फुगत गेली, फुगत गेली आणि एके सकाळी सर्व्हरवर जागाच उरली नाही. सगळ्या साइट एकदम आडव्या झाल्या. फाइलीचा आकार एका मर्यादेपुढे जाऊ नये अशी सोय करायची होती आणि ती मी दुपारपर्यंत करणारच होते. पण त्याआधी सरांनी मला समोर बसवलं.

"मृणाल, इतके दिवस सर्व्हर पडला होता?"

"नाही सर, पण..."

"तू चुका लिहायला लागलीस आणि पडला. लिहिल्या नसत्यास तर पडला असता?"

याला उत्तर आहे. सर्व्हर लिहिण्यानं नाही, चुकांच्या ढिगानं पडला.  लॉग बंद झाला. त्या दिवशी खाली मिरची कांडत होते, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कुणाला कळलं नाही.

*

आणि मग धर्मशाळेचं काम आलं.

परळला हॉस्पिटलं आहेत आणि त्यांच्या आसपास बाहेरगावच्या पेशंटांना उतरायला धर्मशाळा आहेत. त्यातल्या एका लहान ट्रस्टला खोल्यांच्या नोंदणीसाठी साइट हवी होती, म्हणजे लोकांनी गावाहून निघायच्या आधी खोली पक्की करावी. व्यवस्था बघतात कांबळे काका. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, नायगावच्या चाळीत वाढले, आणि आता दिवसभर धर्मशाळेत बसतात. फोन उचलला की "जय भीम" म्हणणार आणि दुसऱ्याच वाक्याला कामावर येणार. मला त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "बाळा, इथे येणाऱ्या माणसाला मुंबईत ओळखीचं कुणी नसतं. खोली असेल तर हो सांग, नसेल तर नाही सांग. मधलं काही नको."

मी सरांच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, या साइटवर फुलाचं पान नको.

"आजारी माणसाला एरर दाखवणार तू?" सरांना खरोखर वाईट वाटलं होतं. "आधीच बिचारे दुःखात असतात."

"सर, नाही म्हटलं तर माणूस दुसरीकडे चौकशी करेल. धन्यवाद म्हटलं तर तो बॅग भरेल."

"तू निगेटिव्ह विचार करतेस."

आणि फुलाचं पान लागलं. ज्याची नोंदणी खरोखर झाली त्याला खोलीचा नंबर, बाकीच्यांना जास्वंद. बाकीच्यांना काय माहीत की नंबर यायला हवा होता?

थोड्याच दिवसांत कांबळे काकांचा फोन आला. "मृणाल, माझ्याकडे काही लोक मोबाइलवर फूल घेऊन येतात. ज्याच्याकडे फूल, त्याची माझ्याकडे नोंदच नसते. असं कसं गं?"

मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे फूल दिसलं की समजायचं." मी म्हटलं, हो काका, समजायचं. हे वाक्य बोलताना मला माझ्या धंद्याची लाज वाटली.

*

शिगवण काका आणि काकी संगमेश्वरकडच्या एका वाडीतले. काकींची ट्रीटमेंट सुरू व्हायची होती, पहिला दिवस ठरलेला. शेजारच्या मुलीच्या मोबाइलवरून त्यांनी फॉर्म भरला. त्यात पेशंटचं वय विचारलेलं. काकींची जन्मतारीख कुणालाच नक्की ठाऊक नाही. तर त्यांनी लिहिलं, 'अठ्ठावन-साठ'.

आमच्या कोडला एक आकडा हवा होता. तो ओरडला. जाळ्यानं गिळलं. काकांना फूल आलं.

कांबळे काकांचा फोन दुपारी आला तेव्हा मी आणि ग्लेन दोघेही उठलो. लालबागहून परळ कितीसं लांब? चालतच गेलो. धर्मशाळेच्या पायरीवर दोघं बसली होती. काकींनी पिशवीत तांदळाचं पीठ, सुकट आणि कोकमं आणली होती, कुणीतरी सांगितलं होतं म्हणे की स्वयंपाकाची सोय आहे. त्या पिशवीवर डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. सकाळी उपचाराला जायचं आणि संध्याकाळी टेकायला जागा नाही.

शिगवण काकांनी मला त्यांच्या मोबाइलवर त्या मुलीनं पाठवलेला फुलाचा फोटो दाखवला. "हे बघा बाई. धन्यवाद म्हटलानी त्यांनी. मग झालंच ना? झाल्याबिगर कोण धन्यवाद म्हणतो?"

मी काय सांगणार होते? एक्सेप्शन म्हणजे काय ते?

"वय नक्की का नाही लिहिलंत काका?" ग्लेननं हळूच विचारलं.

"नक्की म्हायतच नाय, तर नक्की कसं लिवणार? दवाखान्याचं काम, त्यात खोटं कशाला?"

आमच्या अख्ख्या व्यवहारात खरं बोलणारा तो एकटा माणूस, आणि त्यालाच आम्ही पायरीवर बसवलं होतं. कांबळे काका बाजूला घेऊन मला म्हणाले, "दादरला दुसऱ्या धर्मशाळेत परवापर्यंत जागा होती गं. यांना नाही म्हणून कळलं असतं, तर मी तिथे घातलं असतं." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त तेवढंच बोलले.

ग्लेननं पिशवी उचलली. "चला काकी, आमच्याकडे. पुढची खोली रिकामी हाय. मम्मीला तशीपण बोलायला कुणी पायजे." शिगवण काका त्याच्या गळ्यातल्या क्रॉसकडे बघत थोडे घुटमळले, पण काकी आधीच उठल्या होत्या. कांबळे काकांकडे खोली मोकळी होईपर्यंत दोघं खोताच्या वाडीत राहिली. ग्लेनची मम्मी आणि काकी यांचं एकच भांडण झालं, सुकटीत कोकम आधी टाकायचं की नंतर. ते अजून मिटलेलं नाही, फोनवर चालू असतं.

*

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आता कुठे आहेत ते?"

"ग्लेनच्या घरी."

"मग झाली ना सोय." थोडं थांबून म्हणाले, "आणि एरर तर नाही ना दिसली त्यांना?"

मी माझ्या जागेवर आले आणि कुणालाही न विचारता नवीन पान लिहिलं. 'तुमची नोंदणी झालेली नाही. वयाच्या जागी फक्त एक आकडा लिहा, अंदाजे चालेल. जमलं नाही तर कांबळे काकांना फोन करा.' खाली काकांचा नंबर. फूल नाही, हात नाहीत. लोक वाचायचे, वय दुरुस्त करायचे, नाहीतर फोन करायचे. काकांचा निरोप आला की बाळा, आता पायरी रिकामी असते.

मग एके दिवशी सर ट्रस्टच्या अध्यक्षांना साइट दाखवत होते आणि नेमकं ते पान आलं. अध्यक्षांनी वाचून मान डोलावली. पण सर माझ्या टेबलाशी आले. "'नाही' हा शब्द आपल्या साइटवर नको. वाईट दिसतं. फूल लाव."

"मी लावणार नाही."

"बरं," सर म्हणाले, आणि स्वतः बसून त्यांनी माझं पान बंद केलं, फूल परत लावलं.

मी राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. कांबळे काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तू गेलीस तर मी फोन कुणाला करू?" म्हणून मी राहिले. पायरीवर पुन्हा माणसं दिसायला लागली होती. माझं पान कोडमध्ये तसंच पडून होतं, एक ओळ उघडली की सुरू होईल असं.

*

गेल्या महिन्यात मालवणहून सरांच्या अक्कांचा फोन आला. स्पीकरवर, म्हणजे आम्ही सगळ्यांनी ऐकला. तिथल्या डॉक्टरांनी परळला घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. अक्का मालवणीत धीर देत होत्या, भावालाच. "तू कित्याक रडतंस? माका काय होणा नाय."

सरांचं गिरगावातलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अक्कांचे गुडघे गेलेले. हॉस्पिटलच्या जवळ खोली मिळाली तरच निभणार होतं.  फोन ठेवल्यावर सरांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि धर्मशाळेची साइट उघडली. फॉर्म हळूहळू भरला, एकेक रकाना दोनदा वाचून.  मला त्या क्षणी त्यांचा राग आला नाही.

त्यांनी बटण दाबलं.

मी आणि ग्लेन मागे उभे होतो. जास्वंदीचं फूल आलं, दोन जोडलेले हात आले.

 ते पान सरांनी स्वतःच बनवलं होतं. कुठल्या रकान्यात काय चुकलं, हे ते पान सांगत नव्हतं. मग त्यांनी फोन उचलला, सवयीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"जय भीम, कांबळे बोलतोय."

"कांबळेसाहेब, मी सामंत. आत्ताच अक्कासाठी खोली नोंदवलीय. जरा बघता का तुमच्याकडे, खरंच झालं का?"

"स्क्रीनवर काय आलंय तुमच्या?"

 खालून मिरची कांडल्याचा आवाज येत होता.

"सामंतसाहेब? नंबर आलाय की फूल?"

"फूल," सर म्हणाले.

"मग नाही झालं. अक्कांना कळवा, एवढ्यात बॅग भरू नका म्हणावं."